पळी, संत्रा आणि मोठ्या आईचं काऊन

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला एक तांब्याची पळी टांगलेली आहे. दांडा हातभर लांब, तोंड आमटीच्या वाटीएवढं. घरी येणारी प्रत्येक बाई विचारते, "पूजेची का हो?" मी सांगते, "नाही, तिला शिक्षा झाली आहे. तिनं रसाला शिवायचं नाही." मग ती बाई माझ्याकडे जरा जपून बघते आणि चहा लवकर संपवते. सून म्हणते, आई, निदान पाहुण्यांना तरी सरळ उत्तर देत जा. पण सरळ उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागतं, आणि सगळं ऐकून घ्यायला हल्ली बसतंय कोण! म्हणून इथे लिहून टाकते. वाचायचं त्यानं वाचावं, नाहीतर चहा घेऊन जावं.

हिंगणघाटच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा व्हायचा, त्याच्या मागोमाग आमचं शटर वर जायचं आणि मग दिवसभर टणटण, खणखण. आमच्याकडे भांडं डोळ्यांनी पाहून कुणी घेत नसे. गिऱ्हाईक गुंड, म्हणजे पाण्याचं पितळी भांडं, हातात धरणार, टिचकी मारणार, कान लावणार, मान हलवणार आणि खाली ठेवून दुसरा उचलणार. माझा सगळा अभ्यास या टिचक्यांवर झाला. वरच्या खोलीत पुस्तक उघडून बसले तरी मला आपोआप कळायचं की खाली आता पितळ वाजलं, आता कासं वाजलं, आणि हे जे बदकन वाजलं ते नव्या जमान्याचं पातळ स्टील. मोठे बाबा स्टीलला भांडं म्हणायलाच तयार नसत. विकायचे मात्र तेच जास्त.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. दुकान त्यांचं, घर त्यांचं, शब्द त्यांचा. माझे बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले की शाळेतल्या मुलासारखे दिसत. मोठ्या भावापुढे ते तोवर एकदाच तोंड उघडून बोलले, ते मला वर्ध्याच्या कॉलेजात गृहविज्ञानाला घालायचं म्हणून. बोलून झाल्यावर घाम पुसत जिन्यात बसले होते. आणि मोठी आई म्हणजे मोठ्या बाबांची बायको. माहेर पवनारचं, शाळा चौथीपर्यंत, आवाज मात्र थेट गल्लीच्या टोकापर्यंत. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, त्यामुळे घरातली एकुलती पोट्टी मी, आणि माझ्यावर हक्क आईपेक्षा तिचा जास्त. आईला त्याचं काही वाईट वाटत नसे. ती गोळाभाताचे गोळे वळताना म्हणायची, "बरं आहे, रागवायचं काम तरी वाटून गेलं."

आता रस. आमच्याकडे मृगाचा संत्रा शिमग्याच्या आसपास यायचा. कारंज्याकडचा एक बागवान दरवर्षी टेम्पो आमच्या दारात उभा करायचा आणि घरभर साली, धागे, बिया आणि तो वास. बोटांची नखं पिवळी व्हायची ती गुढीपाडव्यापर्यंत तशीच. मी आणि आई फोडी सोलून बिया काढायचो, कारण बी चेंदली की रस कडू. मोठी आई फडक्यातून पिळायची. मग कल्हईचा मोठा पितळी गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढायचा, त्यात रस, साखर, आणि मोठी आई पाटावर बसून तो आटेपर्यंत ढवळायची. ढवळायची ती ह्याच पळीनं. पळी तिच्या आईची, पवनारहून आंदणात आलेली. गंजाला कल्हई हवी हे आमच्या दुकानातल्या मांजरालाही ठाऊक होतं, पण पळीला कोण कल्हई करतो! आणि खरी गंमत पुढेच होती. वर्षभर खुंटीला टांगून काळवंडलेली पळी रसातून निघायची ती नव्या नवरीसारखी लाल-गुलाबी चकाकत. मोठी आई ती वर धरून आम्हाला दाखवायची.

"पाह्य वं, कशी उजळली! चिंच नाई, राख नाई. येवढी ताकत आहे रसात!"

आम्ही दरवर्षी "बाप्पा!" म्हणायचो. खरंच वाटायचं की जो रस तांबं उजळवतो तो माणसाला काय नाही करणार.

रस गार झाला की बाटल्या. गळ्याच्या चार बोटं खाली भरायच्या, बूच, वरून मेण. आणि मग त्या बाटल्या जायच्या खाली, दुकानाच्या दर्शनी फळीवर, स्टीलच्या डब्यांच्या पुढे. पूर्वेचं ऊन त्यांच्यातून आरपार यायचं आणि सगळं दुकान केशरी व्हायचं. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून पाहायचा. बाजारातल्या बाया मोठ्या आईला विचारायच्या, यंदा रंग कसा धरला? लग्नसराईत खेड्यांतली माणसं पोरीचं आंदण घ्यायला आली की मोठे बाबा आधी रस द्यायचे, माठातल्या पाण्यात मिसळून, मग गुंड दाखवायचे. मी कॉलेजात जायला लागल्यावर त्यांनी माझ्याकडून एक शब्द उचलला आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात लावला. "घ्या पाटील, घ्या. लय विटामिन आहे ह्याच्यात." पाटील पेला संपवून विचारायचे, "काय आहे म्हणता?" मोठे बाबा म्हणायचे, "पिलं न? मंग झालं."

शब्द चालला, पण कॉलेज त्यांच्या घशाखाली उतरेना. पहिलं वर्ष संपत आलं तसं त्यांचं रोजचं सुरू झालं. मी एस.टी.तून उतरून, धुळीनं माखून जिना चढत असायची आणि दुकानाच्या गादीवरून आवाज यायचा, "आज काय शिकवलं?" मी सांगायची, मुरंबा. किंवा लोणचं. ते गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे. शेवटी एकदा जेवताना त्यांनी सांगूनच टाकलं, "रस काढाले अन् लोणचं घालाले वर्ध्याले जा लागते काय? घरात तुही मोठी आई काय कमी आहे? एक वर्ष झालं, लय झालं. आता घरीच शिक." बाबा भाताकडे बघत राहिले. आई वाढायची थांबली. मला रडू फुटलं, आणि मी रडले की माझं नाक आधी वाहतं, त्यामुळे त्यात काही शोभा राहत नाही. मला शिकायचं होतं. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत रंग बदलला की घंटा झाली तरी मी तिथून हलत नसे, एवढंच माहीत होतं.

परीक्षेच्या आधी आमच्या बाईंनी सांगितलं की घरून काहीतरी टिकवलेलं आणा, त्यात व्हिटॅमिन सी किती उरलंय ते आपण पाहू. मी अर्थातच मोठ्या आईच्या रसाची बाटली नेली. एस.टी.त मांडीवर घेऊन बसले होते. वर्गात ती बाटली सगळ्यांच्या बाटल्यांत उठून दिसत होती आणि माझी मान ताठ. रीत अगदी सोपी आहे, तुम्हीही घरी करू शकता. भाताच्या पेजेत टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला की ती गर्द निळी होते. त्या निळ्यात रस थेंबाथेंबानं सोडायचा. रसात व्हिटॅमिन सी असलं की निळा रंग उडून जातो. जितक्या कमी थेंबांत उडेल तितका रस चांगला. माझ्या मैत्रिणीनं लिंबू पिळलं, निळा झटक्यात गेला. मी मोठ्या आईचा रस सोडला. निळा जागचा हलेना. मी सोडतेय, सोडतेय. शेवटी केशरी आणि निळं मिसळून शेवाळ्यासारखं काहीतरी झालं आणि बशी भरून वाहायला लागली.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी रस चाखला, बूच पाहिलं आणि म्हणाल्या, "टिकवलाय उत्तम. बुरशी नाही, फसफस नाही, चव छान. पण टिकवायच्या नादात आतलं निघून गेलं. किती वेळ उकळता?" मी सांगितलं. "बाटल्या कुठे ठेवता?" सांगितलं. "आणि ढवळता कशानं?" मी पळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. उष्णता, ऊन आणि बाटलीत राहिलेली हवा ही तिन्ही व्हिटॅमिन सीची वैरी, पण त्यांना हाताशी धरून घाई करवणारं तांबं, असं त्या म्हणाल्या. पळी उजळते म्हणजे आंबट रस तिच्यावरचा काळा थर खातो. ते तांबं रसात उतरतं आणि रसाचा घात करतं. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर मोठी आई पळी वर धरून उभी होती.

परतीच्या एस.टी.त मला काही सुचेना. सांगावं तर मोठ्या आईच्या काळजाला लागणार, आणि न सांगावं तर हे पोटात घेऊन मी जेवणार कशी! माझ्या तोंडात तर तीळसुद्धा भिजत नाही. घरी पोचले, चप्पल काढली आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर बोलूनच गेले.

"मोठी आई, आपल्या रसात व्हिटॅमिन नाही गं."

मोठ्या बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली. "काय म्हणते हे पोट्टी? साऱ्या तालुक्यानं पिला थो रस! एक वर्ष कॉलेजात काय गेली, घरच्या रसाले नावं ठेवून राह्यली? इथं करून दाखव माह्यासमोर. विटामिन निघालं त उद्यापासून कॉलेज बंद. अन् नाई निघालं त..." इथे ते अडले. कारण नाही निघालं तर काय, ह्याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

"नाई निघालं त पोरगी पुढं शिकन," मोठी आई म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. कप उचलून ती आत निघून गेली.

मला तर उभ्या उभ्या गाडल्यासारखं झालं. जिंकले तर मोठ्या आईचं नाक कापलं जाणार आणि हरले तर माझं कॉलेज. आई म्हणाली, "आता शिजायचं ते शिजू दे," आणि पोह्यांत सांबार पेरायला लागली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. पुण्यात लग्न होऊन गेल्यावर ह्या एका शब्दापायी मी सासूबाईंना भाजीबाजारात किती फिरवलं, ते पुन्हा कधीतरी.

रविवारी दुकान बंद. दुपारी कूलर घरघरतोय, वाळ्याचा वास, आणि ओट्यासमोर सगळं घर. मी पेज केली, आयोडिन टाकलं, पांढऱ्या बशा मांडल्या. ड्रॉपर हातात घेतला तर मोठी आई पुढे झाली. "आण इकडं. माह्या रसाची परीक्षा मीच घेईन." आधी लिंबू. दोन-तीन थेंबांत निळा गायब! मोठी आई मागे सरकली. "माय वं! गेलं कुठं?" मोठ्या बाबांनी बशी उचलून खालून पाहिली. मग तिनं आपला रस घेतला. थेंब, थेंब, थेंब. बाबांनी खोकून पाहिलं. ती सोडतच राहिली, ओठ घट्ट मिटून, आणि बशी भरली तेव्हा थांबली. तळाशी तेच शेवाळं.

"काऊन?" तिनं विचारलं.

आमच्याकडे 'का' विचारायचं तर 'काऊन' म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून हजारदा ऐकला होता, पण बहुतेक वेळा तो रागावून विचारलेला. काऊन उशीर केला, काऊन सांडलं. ह्या वेळी तो तसा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी उकळण्याचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, बाटलीतल्या हवेचं सांगितलं. पळीशी आले आणि गप्प झाले. तिच्या आईची पळी. कसं सांगू?

"बोल न. पळीचं काई आहे का? मघापासून पळीकडंच पाह्यून राह्यली तू."

सांगितलं. मोठे बाबा ताडकन उठले. "तांबं खराब? अवं, सारं जग तांब्यातलं पाणी पिते! दुकान बंद करू काय मी?" मी म्हटलं, पाण्याचं वेगळं, आंबट रसाचं वेगळं. पण मोठी आई आमचं ऐकतच नव्हती. तिनं दोन वाट्या घेतल्या, एकाच लिंबाचा रस दोन्हींत पिळला. एकीत पळी ठेवली, दुसरीत दुकानातला स्टीलचा चमचा. दोन्ही वाट्या कोमट पाण्याच्या परातीत ठेवल्या आणि म्हणाली, "झोपा आता. चहाले पाहू." कुणीही झोपलं नाही. मोठे बाबा डोळे मिटून पडले होते, पण पायाचा अंगठा हलत होता.

चहाला पाहिलं. चमच्याच्या वाटीतल्या रसानं निळा लगेच घालवला. पळीच्या वाटीतल्या रसाला कितीतरी जास्त थेंब लागले. पळी मात्र सुंदर उजळली होती. मोठ्या आईनं ती धुतली, पदरानं पुसली, खुंटीला लावली आणि बराच वेळ तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी तिच्या कमरेला मिठी मारली तर म्हणाली, "सोड, घाम आला आहे." आणि मग, "माह्या आईलेबी हे कोणी सांगतलं नाई वं."

मला वाटलं, आता ती चार दिवस अबोला धरणार. कसचं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी उठते तो ती ओट्यापाशी, हातात आयोडिनची बाटली. रात्रीचं उरलेलं पन्हं तपासून झालं होतं. आवळ्याचा मुरंबा झाला, चिंचेचं सार झालं, कच्चा सांबार वाटून झाला. आईचा चहासुद्धा तिनं सोडला नाही. घरात पेज शिजायची ती जेवायला की तपासायला, हे विचारावं लागे. बाबा ताटावर बसताना म्हणायचे, "पास झालं का हे? मग वाढा." घर संपल्यावर तिनं गल्ली धरली. पेजेचं भांडं, ड्रॉपर, बशी, सगळं पिशवीत. बाया आधी हसल्या, मग बिचकल्या, मग आपापली सरबतं लपवायला लागल्या.

एका दुपारी ती पडलेल्या चेहऱ्यानं परतली. समोरच्या कापडवाल्यांच्या भाभींची लिंबाची बाटली, गेल्या वर्षीची, आणि एका थेंबात निळा साफ! "लिंबापेक्षाबी जोरात गेला. मी हरली," म्हणाली. मी विचारलं, त्यात टिकवायची भुकटी घातली आहे का? होती. मी सांगितलं की ती भुकटी रस टिकवते, व्हिटॅमिनही बऱ्यापैकी सांभाळते, पण निळा रंग ती स्वतःच उडवते. त्यामुळे ह्या परीक्षेत भुकटीचा रस खोटी साक्ष देतो, त्याला वेगळी परीक्षा लागते. मोठी आई चप्पल न घालताच परत गेली. पलीकडून आवाज आला, "भाभीजी! आपका रस पास नाई हुआ! भुकटी पास हुई!" भाभी हसून हसून खाली बसल्या म्हणे. त्यानंतर दोघींची जी मैत्री झाली ती शेवटपर्यंत.

ह्या सगळ्या धामधुमीत मला वाटत होतं, माझं कॉलेज पक्कं. पण मोठे बाबा व्यापारी. निकाल लागला तशी मी पुढच्या वर्षाची गोष्ट काढली, तर गालात हसून म्हणाले, "आता कायले? तुही मोठी आई पाह्य, आठ दिवसांत सारं शिकली. जे कॉलेजात तेच आता घरात. मंग एस.टी.चा पास कायले काढाचा?" मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी घाम पुसला.

मोठी आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले थेंब टाकता येते. तांबं असं काऊन करते, थे नाई येत मले."

मोठे बाबा म्हणाले, "मंग विचार न तिले."

"विचारलं. थे म्हणते, दुसऱ्या वर्षी शिकवतेत." ताट आपटून तिनं खडे एका बाजूला केले. "मले थे पाह्यजे. माह्या आईच्या पळीचा सवाल आहे. पोट्टी जाईन अन् उत्तर घेऊन येईन."

मोठ्या बाबांनी खाली जायला टोपी उचलली. मग म्हणाले, "एक वर्ष. पुढल्या संत्र्याचा रस पाहू. विटामिन टिकलं त पुढचं बोलू, नाई त कॉलेज बंद." आणि खाली जाऊन विनाकारण एका गुंडाला टिचकी मारली.

दुसऱ्या वर्षी मी रोज जिना चढायची तेव्हा मोठी आई वरच्या पायरीवर असायची. "आज काय सांगतलं?" आता हा प्रश्न वेगळा लागायचा. तांब्याचं उत्तर मिळालं त्या दिवशी मी धावतच वर गेले आणि सांगितलं की तांबं स्वतः खर्ची पडत नाही, ते फक्त हवेला आणि व्हिटॅमिनला घाई करवतं. जे काम सावकाश झालं असतं ते झटपट उरकवतं आणि आपण तसंच्या तसं राहतं. मोठ्या आईनं खाली दुकानाकडे पाहिलं. मग तिचा चेहरा फुलला.

"म्हणजे स्वतः काई कराचं नाई, बसल्या जागी दुसऱ्याले घाई कराची? अवं, हे त तुहे मोठे बाबा!"

आम्ही दोघी जिन्यातच हसत बसलो. खालून मोठ्या बाबांनी विचारलं, "काय झालं वं?" तर आम्हाला सांगताही येईना.

त्या शिमग्याला रस नव्या रीतीनं झाला. गंज स्टीलचा, मोठ्या बाबांनी तो स्वतः फळीवरून काढून दिला, तोंड वाकडं करून. चमचाही स्टीलचा. रस आटवायचा नाही. कडेला बुडबुडे धरले की थोडा वेळ तसाच ठेवून उतरवायचा आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या गरम बाटल्यांत काठोकाठ भरायचा, हवेला जागाच ठेवायची नाही. बूच लावून बाटल्या आधी कोमट, मग गार पाण्यात, आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली अंधारात. मोठ्या आईनं खुंटीवरच्या पळीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "तू बैस. तुही सुट्टी." आणि दुकानाची दर्शनी फळी रिकामी राहिली. तेवढं मला फार वाईट वाटलं. सकाळचं ऊन यायचं आणि नुसत्या स्टीलवर पडून डोळ्यांत जायचं. लोक विचारायचे, यंदा रस नाही केला? मोठे बाबा चिडून म्हणायचे, "केला! पलंगाखाली लपवला आहे, चोराच्या मालासारखा!"

माझा नातू हल्ली दुकानातून पारदर्शक बाटलीतला रस आणतो, फ्रीजच्या दिव्याखाली महिनाभर मिरवलेला. मी काही बोलत नाही. फक्त बाटली हातात घेऊन वर्तमानपत्र शोधायला लागते. नातू म्हणतो, आजी, झालं तुझं सुरू.

वैशाखात निकालाचा दिवस आला. पुन्हा रविवार, पुन्हा कूलर, पुन्हा पांढऱ्या बशा. पलंगाखालून मोठ्या आईनं एक बाटली काढली आणि वरचा कागद सोलला. रंग जरा फिका होता. घाईत माझ्याकडून पेज सांडली. ह्या एका बशीवर माझी पुढची सगळी वर्षं होती. मोठी आई ड्रॉपर घ्यायला गेली तर मोठे बाबा म्हणाले, "नाई. ह्या खेपेस मी टाकतो. तुम्ही दोघी एक झाल्या आहात." चष्मा लावून, धोतर सावरून ते पाटावर बसले. गिऱ्हाइकाचा गुंड पारखावा तसे बशीवर वाकले.

पहिला थेंब. दुसरा. निळा होता तसाच. मी डोळे मिटले. थेंबांचा आवाज येत नव्हता, मोठ्या बाबांचा श्वास मात्र ऐकू येत होता. मग आईच्या बांगड्या वाजल्या. डोळे उघडले तर बशीत निळ्याच्या मधोमध एक डाग पडला होता, आणखी एक थेंब, डाग पसरला, आणि पाहता पाहता सगळा निळा विरून बशीत फिकट पिवळं उरलं. लिंबाइतकं चटकन नाही, पण गेलं!

बाबा मोठ्यानं "वा!" म्हणाले. मोठ्या भावासमोर, आयुष्यात दुसऱ्यांदा. मोठ्या आईनं पदरानं डोळे टिपले. मोठे बाबा बशी हातात घेऊन तशीच बसले. त्यांनी ती खिडकीकडे नेली, उन्हात धरली, हलवली, बोट बुडवून पाहिलं. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून हिशेब ऐकला, हुकूम ऐकले, विटामिनसुद्धा ऐकलं. पण त्या दिवशी ते लहान पोरासारखे आमच्याकडे वळले आणि विचारलं,

"काऊन गेला वं हा निळा?"

उत्तर मला पाठ होतं, पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मोठ्या आईनं पदराखालून मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"थे तिसऱ्या वर्षी शिकवतेत," ती म्हणाली.